बारा महिन्यांचं बाळंतपण

मी गेली बरीच वर्षं बारामतीत बायकांची बाळंतपणं करते. भवानीनगर, वालचंदनगर, निमगाव केतकी, भिगवण, थेट इंदापूरपर्यंतच्या बायका माझ्याकडे येतात. आज त्यांच्यातल्या एकीविषयी बोलायचं आहे. तिचं नाव आणि गाव मी सांगणार नाही, पण गोष्ट सांगायला तिची परवानगी आहे. उलट तीच म्हणाली, "सांगा मॅडम, दुसरीला तरी उपयोग व्हईल."

२०१६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. दोन्ही पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या, अशी चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी दवाखान्यात आली. मागोमाग नवरा आणि सासू. सासूबाईंनी बसायच्या आधीच विचारलं, "हिला झेपंल का हो? आन लेकराला बी असंच झालं तर?" नवरा हळूच म्हणाला, "मॅडम, मोकळी केलेली बरी का?" हे काही दुष्टपणानं नव्हतं. दोघंही घाबरलेली होती. मीही केसपेपर पुढे ओढला आणि सवयीनं सासूबाईंनाच विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

तेव्हा ती मुलगी म्हणाली, "मॅडम, पाळी माझी चुकलीय. मला इचारा की."

ते वाक्य आठवलं की अजून माझी मान खाली जाते. ती बारावी शिकलेली होती. घरी हातमशिनवर गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवून पैसे मिळवत होती. स्वतःचं सगळं स्वतः करत होती. अधू होते ते पाय, आणि आम्ही तिघं तिच्या डोक्यावरून बोलत होतो.

तिला जो जन्मजात दोष होता, त्याला डॉक्टर 'स्पायना बायफिडा' म्हणतात. साध्या शब्दांत, दुभंगलेला कणा. गर्भ राहिल्यावर पहिल्या २८ दिवसांच्या आतच बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात, ती नळी मिटते. काही बाळांत ती पाठीच्या एखाद्या भागात मिटायची राहते. मग बाळ जन्मतं ते पाठीवर पाण्यानं भरलेली गाठ घेऊन. काहींच्या गाठीत नुसतं पाणी आणि आवरण असतं, काहींच्या गाठीत मज्जारज्जू आणि नसाही असतात. दुसऱ्या प्रकारात गाठीच्या खालच्या नसा कमजोर राहतात. पायांत ताकद कमी, कातडीला संवेदना कमी, लघवी-संडासवर ताबा कमी. पुष्कळ मुलांच्या डोक्यात पाणीही साठतं. मग मेंदूपासून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी बसवावी लागते. तिला शंट म्हणतात. कुणाची रज्जू खाली चिकटलेली असते, कुणाच्या माकडहाडाचा भागच पुरता तयार झालेला नसतो. प्रत्येकीची तऱ्हा निराळी.

एक गोष्ट मात्र बहुतेकींमध्ये शाबूत असते. गर्भाशय आणि बीजांडं. पाळी येते, दिवस जातात. पूर्वी ही मुलं लहानपणीच दगावत, म्हणून हा प्रश्न फारसा उभा राहत नसे. आता ऑपरेशनं सुधारली, मुली मोठ्या झाल्या, शिकल्या, लग्नं झाली. आम्ही डॉक्टर मात्र त्यांच्या पाठीचा विचार करत राहिलो, त्यांच्या पोटाचा केलाच नाही.

सासूबाईंचा प्रश्न खोटा नव्हता. आईला किंवा वडिलांना हा दोष असेल तर बाळाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात तीन ते पाच असते. इतर जोडप्यांपेक्षा ती जास्त आहे, हे खरं. पण याचाच दुसरा अर्थ असा की शंभरातल्या पंचाण्णव ते सत्त्याण्णव बाळांना तो होत नाही. हा हिशेब मी या वेळी त्या मुलीला सांगितला. मग विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला पायजे." प्रश्न मिटला.

इथे कायद्याचंही एक वाक्य सांगून ठेवते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दिव्यांग स्त्रीचा गर्भपात तिच्या स्पष्ट संमतीशिवाय करणं हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. अगदी गंभीर दिव्यांगत्वाच्या बाबतीत डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती असा अपवाद कायद्यात आहे, पण कुबड्या घेऊन चालणारी, शिवणकाम करणारी बाई त्यात बसत नाही. आणि सोनोग्राफीत बाळात मोठा दोष दिसलाच, तर काय करायचं हा निर्णयही माहिती घेऊन तिनंच करायचा असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रसंगी वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानं २४ आठवड्यांनंतरही कायद्यात वाट आहे.

आम्ही एक शंभर पानी वही केली. तिच्या लहानपणीच्या ऑपरेशनचे कागद तिच्या आईनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. त्यावरून वहीत लिहिलं, पाठीचं ऑपरेशन कधी झालं, शंट कुठल्या बाजूला आहे, कुठून खाली संवेदना नाही, कुठली औषधं चालतात. पुढे ज्या डॉक्टरकडे ती गेली, त्याच्यासमोर आधी वही ठेवली.

पहिली अडचण फारच साधी आली. वजन. काट्यावर कुबड्यांशिवाय उभं राहता येईना. कॅलिपर काढले तर तोल जाई, घातले तर वजन चुके. गावातल्या आशाताईंनी उपाय शोधला. दूध संकलन केंद्रावर मोठा काटा होता. त्यावर खुर्ची ठेवायची, तिला बसवायचं, मग खुर्चीचं वजन वजा करायचं. दर महिन्याला संध्याकाळचं दूध गेल्यावर हा कार्यक्रम व्हायचा. पुस्तकात नसलेली अशी पुष्कळ अक्कल आपल्या गावांत आहे, ती वापरली पाहिजे.

आता अशा गरोदरपणात काय सांभाळायचं ते सांगते.

सर्वांत आधी लघवी. यातल्या बऱ्याच जणी दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळी घालून स्वतः लघवी काढतात. पोट वाढलं की वाकता येत नाही, नळी दिसत नाही, मूत्राशयात जागाही कमी राहते. मग कंटाळा होतो, पाणी कमी प्यायलं जातं आणि जंतुसंसर्ग होतो. संवेदना नसल्यानं जळजळ कळत नाही. थंडी-ताप, गढूळ आणि उग्र वासाची लघवी, पोट उगाच कडक होणं, हीच लक्षणं. म्हणून लघवीची कल्चर तपासणी वरचेवर करायची, किडनीची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी सुरुवातीलाच करून ठेवायची. लहानपणी आतड्याचा तुकडा लावून मूत्राशय मोठं केलं असेल तर आणखी एक गंमत होते. त्या आतड्याच्या चिकट स्रावामुळे लघवीत प्रोटीन दिसतं, कधी घरगुती चाचणीत नसलेली गरोदरपणही 'आहे' दिसते. म्हणून अशा बाईची खात्री रक्ताच्या चाचणीनं करावी. आणि लघवीत प्रोटीन आधीपासून किती असतं ते लिहून ठेवावं, म्हणजे पुढे रक्तदाब वाढला तर फसगत होत नाही.

दुसरं, रबर. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण या मुलींचा जन्मापासून रबरी हातमोजे आणि नळ्या यांच्याशी इतका संबंध येतो की अनेकींना रबराची, म्हणजे लेटेक्सची, ॲलर्जी होते. ऑपरेशन टेबलावर ती जिवावर बेतू शकते. मी तिला विचारलं, "जत्रेतला फुगा फुगवल्यावर कधी ओठ सुजले होते का?" ती हसली. "फुगा न्हाई, पण केळं खाल्लं की तोंड खाजतं." आपल्या भागात केळी काय कमी? पण केळं खाऊन तोंड खाजणं हे रबराच्या ॲलर्जीशी जोडलेलं असू शकतं. वहीच्या कव्हरवर लाल पेनानं लिहिलं, 'रबरी मोजे वापरू नयेत.' बिनरबरी मोजे मिळतात. आधी सांगितलं तर सोय होते.

तिसरं, शंट. पोट वाढलं की पोटातलं नळीचं टोक दाबलं जाऊ शकतं. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी, उलट्या, गुंगी यांना 'डोहाळे' म्हणून सोडून देऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. कुणाच्या मज्जारज्जूतला दोष छातीच्या वरच्या भागात असेल, तर एकदम डोकं फुटेल असं दुखणं, घाम, चेहरा लाल आणि रक्तदाब भडकलेला, असा प्रकार होऊ शकतो. त्याचं कारण कधी नुसतं तुंबलेलं मूत्राशय असतं. बसतं करावं, लघवी मोकळी करावी, आणि तातडीनं दवाखाना गाठावा.

चौथं, श्वास आणि पाय. कणा वाकडा असेल तर वाढत्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते. एकच पाय सुजला, तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना हे पाहावं लागतं. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढतं. या मुलींना तो आधीच असतो, म्हणून त्याचा उपाय पहिल्या दिवसापासून हवा.

आणि पाचवं, कळा. जिची संवेदना कमरेच्या वरपासूनच गेली आहे, तिला कळा सुरू झाल्याचं कळेलच असं नाही. तिला तळहात पोटावर ठेवून पोट दगडासारखं कडक होतंय का, हे ओळखायला शिकवावं. छत्तिसाव्या आठवड्यापासून मोठ्या दवाखान्याच्या जवळपास मुक्काम हलवावा. इंदापूरहून पुणे जवळजवळ १४० किलोमीटर. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या हंगामात हे अंतर रात्री किती लांब होतं, ते या रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे.

दोष आहे म्हणजे सिझेरियन केलंच पाहिजे असं नाही. बऱ्याच जणींची प्रसूती नैसर्गिक होऊ शकते. पण हिच्या खुब्याचे सांधे आखडलेले होते, मांड्या पुरेशा उघडत नव्हत्या. म्हणून सिझेरियन ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आम्ही सातव्या महिन्यातच भेटलो. नेहमीप्रमाणे पाठीत सुई द्यायची, तर त्या पाठीत आत काय आहे हे आधी बघायला हवं. ऐन वेळी रात्री दोन वाजता हा विचार करता येत नाही. पुण्यात मोठ्या रुग्णालयात तिला मुलगी झाली. पाठ सोनोग्राफीत पाहिली होती तशीच, छान, सरळ, मिटलेली. सासूबाईंनी नातीची पाठ पाच वेळा उघडून पाहिली म्हणे.

इथपर्यंत गोष्ट चांगली झाली. आता माझी चूक सांगते. खरं तर त्यासाठीच आज बोलायला आले आहे.

टाके निघाल्यावर ती माझ्याकडे आली. जखम पाहिली, बाळाचं वजन पाहिलं, अंगावर पाजायला कशी बसवायची, कुशीखाली उशी कुठे ठेवायची ते दाखवलं. औषधं लिहिली आणि तिला माहेरी पाठवलं. एकविसाव्या दिवशी तिला जीपमध्ये पालथी घालून आणली. कमरेखाली दोन्ही बाजूंना भाजलेलं होतं.

माहेरी तिच्या आईनं रीतीप्रमाणे सगळं केलं होतं. दोरीची बाज, खाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-शेपांची धुरी. प्रत्येक बाळंतिणीला अशीच शेक देतात. इतर बायकांना चटका बसला की त्या सरकतात, ओरडतात. हिला कळलंच नाही. ती बाळाला पाजत पडून होती. चार दिवस थोडं थोडं भाजत गेलं. शेवटी अंघोळ घालताना आईनं पाहिलं आणि हंबरडा फोडला.

त्या माउलीनं जे केलं ते मायेनं केलं. चूक माझी होती. मी नऊ महिने रज्जू, किडनी, शंट, भूल यांचा विचार केला. पण आपल्याकडे बाळंतपण दवाखान्यात संपत नाही, ते घरच्या बाजेवर पुढे सव्वा महिना चालतं, हे मी या मातीत राहून विसरले. कार्डावर गोळ्यांची नावं लिहिली. 'शेगडी नको' हे दोन शब्द लिहिले नाहीत. दीड महिना मलमपट्टी चालली. एवढ्या दिवसांत तिनं बाळाला कुशीवर घेऊन पाजणं एकदाही सोडलं नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी मुलगी किंवा सून आहे, त्यांनी ऐकावं. शेक, शेगडी, गरम पाण्याची पिशवी, गरम विटेचा शेक, काहीही नको. अंघोळीचं पाणी दुसऱ्यानं कोपर बुडवून पाहावं. मोटारसायकलवर बसताना सायलेन्सरकडे पाय जाऊ देऊ नये. रोज रात्री हातआरशानं किंवा नवऱ्याकडून पाठ, बैठक, टाचा, कॅलिपर घासतात त्या जागा पाहून घ्याव्यात. गरोदरपणात वजन वाढतं, तेव्हा जुनेच कॅलिपर काचू लागतात. लाल डाग दिसला आणि दाब काढल्यावरही गेला नाही, तर त्या जागेवर बसायचं नाही. आज डाग आहे, आठवड्यात जखम होते.

आता दुसरा भाग. २०२२ मध्ये तिचा फोन आला. "मॅडम, अजून दिवस न्हाई गेले. आधी गोळी लिहा, मग बाकीचं."

ही कसली गोळी? फॉलिक ॲसिडची. पहिल्या वेळी ती माझ्याकडे आली तेव्हा तिसरा महिना सुरू होता. मघाशी सांगितलं, ती नळी २८ दिवसांच्या आत मिटते. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येऊन सासू-सुनेत कुजबुज होईपर्यंत पाठीचं काम झालेलंही असतं. तेव्हा मी लिहिलेली गोळी उशिरा लिहिलेली होती. बाळ चांगलं निघालं, हे आमचं नशीब. नशिबावर भागवायची ही गोष्ट नाही. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सात देशांतल्या ३३ केंद्रांवर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष आले. ज्यांना आधी असं बाळ झालं होतं, त्या बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुन्हा तोच दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. एवढं मोठं काम करणारी इतकी स्वस्त गोळी वैद्यकशास्त्रात फार थोडी सापडेल.

सर्वसाधारण स्त्रीला दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. पण जिला स्वतःला हा दोष आहे, जिच्या नवऱ्याला आहे, किंवा जिला आधी असं बाळ झालंय, तिला त्याच्या जवळजवळ दहापट, म्हणजे ४ ते ५ मिलिग्रॅम लागतं. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते. मूल हवं असं ठरल्यापासून, निदान एक महिना आणि शक्यतो तीन महिने आधीपासून, बारावा आठवडा संपेपर्यंत रोज एक. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅमच असतं. म्हणून कुणी 'मग दहा गोळ्या घेते' असं करू नये. लोह जास्त झालं तर विषासारखं होतं. डॉक्टरांकडून वेगळी गोळी लिहून घ्यावी. आणि फिट्सची औषधं चालू असतील, विशेषतः व्हॅलप्रोएट, तर तेही दिवस जाण्याआधीच सांगावं. त्या औषधानं बाळाच्या पाठीचा धोका वाढतो. पण ते मनानं बंद करू नये, फिट आईच्या जिवावर येते. डॉक्टर बदलून देतात.

म्हणून मी म्हणते, इतर बायकांचं बाळंतपण नऊ महिन्यांचं असेल, हिचं बारा महिन्यांचं आहे. पहिले तीन महिने पोटात काही नसताना. गोळी सुरू करायची, लघवी आणि किडनी तपासायची, औषधं बदलायची, पाठीचे जुने कागद शोधायचे. उरलेलं सगळं त्यावर उभं राहतं.

सोयी आज पूर्वीपेक्षा बऱ्या आहेत. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. गरोदर बाईला न्यायला १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ ची गाडी मोफत येते. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा लाभही मागता येतो. आशाताईंना माझी विनंती आहे. आपल्या वाडीत कॅलिपरवाली, कुबडीवाली, पाठीचं ऑपरेशन झालेली मुलगी असेल, तर तिचं लग्न झाल्याबरोबर तिच्या घरी जा. पाळी चुकायची वाट पाहू नका.

दुसऱ्या वेळी तिला मुलगा झाला. माहेरी जाताना तिच्या आईनं मला दारातच सांगितलं, "शेगडी माळ्यावर टाकलीय बघा." वही तीच, जुनी, पुढची पानं भरलेली. दुसऱ्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ती उघडली आणि तिच्या नवऱ्याकडे पाहून काहीतरी विचारायला लागले. मग पहिल्या पानावर नजर गेली, थांबले, आणि तिच्याकडे वळले.

त्या पानावर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, 'मला विचारा.'